सिराजचाचांचा व्हाळ

आखातातल्या रुस्ताक गावाच्या बाहेरून एक वादी जाते. वादी म्हणजे नदीच, फक्त तिच्यात पाणी सोडून सगळं असतं: गोटे, बाभळी, बकऱ्या आणि शुक्रवारी सिराजचाचांची चूल. चाचा दाभोळचे. खाडीकाठी जन्मल्यामुळे पाण्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्यांची समजूत. आम्ही एकाच गॅरेजात कामाला, त्यामुळे ती समजूत मला रोज ऐकावी लागे. वादीला ते व्हाळ, म्हणजे साधा ओढा म्हणत, तेही उपकार केल्यासारखं.

मुलीची, झरीनची, सोयरीक अल खौदच्या फरिदाबींच्या मुलाशी ठरत आली होती. मंडळी जेवून होकार देणार होती. चाचांनी बिर्याणी वादीतच लावली, पलीकडच्या काठाजवळ, सावलीला. डोंगरावर ढग आहेत, वर या, असं आमचा अर्बाब, म्हणजे गॅरेजचा मालक, सांगून गेला. चाचांनी निळ्या आभाळाकडे बघत इन्शाल्ला म्हटलं. काम टाळायचं असलं की आम्ही सगळे तेच म्हणतो.

पाहुण्यांची गाडी अलीकडे थांबली, झरीन त्यांना घ्यायला तिकडे गेली आणि वरून गोटे वाजवत मातकट पाणी आलं. चाचा आणि मी बिर्याणीची डेग उचलून पलीकडे चढलो. चूल गेली. बिर्याणी आमच्या काठाला, झरीन आणि पाहुणे समोरच्या.

फरिदाबींचे दीर नुमान समोरून ओरडले, "काय सिराजभाई, खाडीवाले ना तुम्ही? या की चालत."

गेले तर वाहून जाणार, न गेले तर होणाऱ्या व्याह्यांपुढे नाक कापलं जाणार. चाचांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी त्यांचा सदरा मागून धरला. त्यांनी एक पाय घातला, तशी चप्पल निघाली आणि बघता बघता बाभळीमागे दिसेनाशी झाली. चाचा ती गेली तिकडे बघत राहिले. मग समोर झरीनकडे.

"पाणी मोठं आहे," ते म्हणाले. "मी येत नाही."

मग फरिदाबी म्हणाल्या, "आमच्याकडचा एकही बाप्या थांबला नसता. सोयरीक पक्की समजा."

नुमानसाहेब गाडीची काच पुसू लागले.

पाणी संध्याकाळी ओसरलं. तोवर बिर्याणी आम्ही आणि आमच्या काठच्या बकरीवाल्यांनी संपवली होती. पाहुणे पेट्रोल पंपावरचं सँडविच खाऊन बसले होते.

हल्ली चाचा हा किस्सा सांगतात तेव्हा व्हाळाची नदी झालेली असते, आणि ती दर खेपेला थोडी रुंद होते. चप्पल तेवढी वगळतात.