चार ओमच्या खाली नाही

हारूनभाई धुळ्याहून जळगावला आले आणि माझ्या सीट कव्हरच्या दुकानाला लागून त्यांनी गाड्यांच्या साउंडचं दुकान टाकलं. मला धास्तीच बसली. वूफरचे मोठे स्पीकर धडधडले की माझं मशीन हलणार, टाके चुकणार. मी काही बोललो नव्हतो, तरी पहिली गाडी वाजवून बघण्याआधी ते माझ्या दारात आले. म्हणाले, "भाऊ, तुमची शिवण संपली की सांगा. मग वाजवतो." दुकान चालू होतं तोवर त्यांनी हा शिरस्ता पाळला.

त्यांचं काम धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरला किती ओमपर्यंत, म्हणजे विजेला किती अडथळा ठेवून, वूफर जोडायचे हे ठरलेलं असतं. ओम कमी केले की आवाज वाढतो, पण फार कमी केले तर अ‍ॅम्प्लिफायर तापून जळतो. हारूनभाई मीटर लावून बघितल्याशिवाय वायर कसत नसत. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेलं तरी त्यांनी कधी ढिलाई केली नाही.

माझा मुलगा कैलास लग्नाच्या भाड्याची गाडी चालवायचा. त्याने दोन वूफर आणले आणि दोन ओमवर लावा म्हणून हट्ट धरला. "चाचा, बठ्ठा गावले ऐकू येवाले जोयजे." सगळ्या गावाला ऐकू गेलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

"अ‍ॅम्प चारचा आहे. चारच्या खाली नाही."

धुळ्याच्या गाड्यांच्या काचा आवाजाने हलतात, असं कैलासने सुनावलं.

"काच हलवायची तर हाताने हलव," हारूनभाई म्हणाले.

दिवसभर दोघांचे टोमणे चालले. संध्याकाळी हारूनभाईंनी बरोबर चार ओम जमवून दिले आणि कैलास गाणी लावून गल्लीतून दोनदा फिरून आला.

पुढे कैलास काविळीने गेला. गाडी मला विकवली नाही. अधूनमधून दारातच त्याची गाणी लावायचो. एकदा उंदरांनी एका वूफरच्या तोंडावरचा, आवाज काढणारा कागद कुरतडला. आता एकच उरला, ओम बिघडले असतील, अ‍ॅम्प जळेल, मग त्याचं काहीच राहणार नाही, म्हणून मी हारूनभाईंना पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो. त्यांनी मीटर लावला. आठ ओम आले. मीटर गुंडाळून ते डिक्कीपाशीच बसले.

"जळणार नाही, भाऊ. एकटा राहिला की आवाज कमी होतो, एवढंच."

फाटलेला वूफर त्यांनी आपल्या दुकानात ठेवून घेतला. त्या मापाचा कागद मिळाला की बसवतो म्हणाले.

यंदा त्यांच्या पत्नी सुग्राभाभी गेल्या. तेव्हापासून हारूनभाईंचं शटर बंद आहे. मी घरी जातो. ते चहा करून देतात. जेवतात की नाही, औषध घेतात की नाही, या विचाराने मला घरी चैन पडत नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरव अंक निघतोय असं सांगितलं, तर "कशाला" एवढंच म्हणाले. सत्काराला येतील याचीही खात्री नाही. त्यांनी मला डिक्कीपाशी सांगितलेलं वाक्य त्यांनाच सांगावं, असं दर वेळी वाटतं. तोंडून निघत नाही. म्हणून इथे लिहिलं.

धुळ्याच्या बाजारात मला त्या मापाचा कागद मिळाला. आणून ठेवला आहे. बसवणं माझ्या हातचं नाही. वर बसलेल्याने हारूनभाईंना पुष्कळ वर्षं द्यावीत, हात स्थिर आणि नजर शाबूत ठेवावी, आणि एका सकाळी शेजारचं शटर वर जाताना मला ऐकू यावं.

हारूनभाई, माझी शिवण संपली आहे. वाजवा.