खंडेनवमीला आलेली कमिटी

चिंचवडच्या ज्या शेडमध्ये मी आणि बायको कामाला होतो, तिथे प्रेस मशीनवर पत्र्यातून वायसर, बोल्टाखालच्या चकत्या, काढायचे. प्रेस खाली आला की पत्रा तुटायचा, हात आत राहिला तर हात. बोट तुटताना वेगळा आवाज येत नाही. एकदा वायसरच्या घमेल्यात मला नखासकट अंगठा सापडला. ज्याचा होता तो दवाखान्यात, आणि शेठ म्हणतोय, माल धुऊन घ्या.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. ती असताना हे बोलू द्यायची नाही. आता अडवणारं कोणी नाही.

दुष्काळानंतरच्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेजातले प्रोफेसर आले. सरकारने संशोधनाला दिलेल्या पैशातून त्यांनी गार्ड बनवला होता. लोखंडी जाळी. प्रेसच्या आधी ती उतरायची आणि हात बाहेर ढकलायची. तो त्यांनी बायकोच्या प्रेसला बसवला.

"आवं, ही दिवसभर चापट्या मारती," ती म्हणाली. "सासू परवडली."

पण तिची बोटं वर्षभर जागेवर राहिली. शेजारच्या प्रेसवर दोघांची गेली.

पुढचे पैसे द्यायचे का, हे दिल्लीची कमिटी बघून ठरवणार होती. मिळाले तर सगळ्या प्रेसना गार्ड. नाही तर हाही काढून न्यायचा, कारण वस्तू सरकारी. प्रोफेसरांनी आम्हाला हे आधीच सांगितलं होतं.

कमिटी आली नेमकी खंडेनवमीला. मशीनं धुतलेली, हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या माळा. त्या दिवशी मशीन चालवायचं नसतं. चालवलं तर ते वर्षभर रक्त मागतं, असं आम्ही सगळे मानायचो.

"एकदाच चालवा," प्रोफेसरांनी हात जोडले. "उद्या ही माणसं मुंबईला जाणार."

आमच्यातल्या एकाने हातोडा उचलला. "सर, स्विचला हात लावला तर डोकं फोडीन."

प्रोफेसरांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "आज न्हाई सर. आज त्याला निजू द्या."

दिल्लीच्या साहेबांनी मग गार्डवर संशोधनाच्या मासिकात छापलेलं काय आहे ते मागितलं. छापलेलं काही नव्हतं, वर्ष गार्ड नीट करण्यातच गेलेलं. बायकोने दोन्ही पंजे त्यांच्यापुढे धरले. साहेबांना वाटलं सणाचं मागते आहे. त्यांनी हातावर रुपया ठेवला.

पैसे दुसऱ्या कॉलेजला गेले. त्यांचं छापलेलं पुष्कळ होतं म्हणे. छापू नये असं मी म्हणत नाही, त्याशिवाय चिंचवडचं चाकणला कळायचं कसं. पण वर्षाचं काम बघायला एक तास? कामाच्या दिवशी या. परत या. प्रेसवरच्या बाईला विचारा. आणि नसेल द्यायचं तर देऊ नका, पण जे चालतंय ते उपटून नेऊ नका.

कॉलेजच्या माणसांनी गार्ड टेम्पोत टाकून नेला. वर्षभर जाळीने ढकललेला हात आपणहून मागे येत नाही. तो ढकलायची वाट बघतो. दिवाळी सरली आणि तिचा उजवा पंजा मनगटातून गेला. तिने आधी माझ्याकडे बघितलं. ओरडली नंतर.

मी शेठला खुर्चीसकट आपटला. बाकीच्यांनी ऑफिसच्या काचा फोडल्या. चौकीत माझी पाठ पट्ट्याने सोलली.

सुटलो तो पाना घेऊन थेट कॉलेजात. प्रोफेसर स्टोअरच्या दारात उभे. मी कॉलर धरली. ते म्हणाले, "मारा." त्यांच्यामागे गार्ड पडला होता, वर पांढऱ्या रंगात कॉलेजचा नंबर घातलेला.

"हा द्या."

"मला द्यायचा अधिकार नाही."

"मग बाजूला व्हा."

ते बाजूला झाले नाहीत. त्यांनी खाली वाकून एक टोक धरलं. वॉचमनने माझ्या सोललेल्या पाठीत काठी घातली, पुन्हा घातली. आम्ही गार्ड सोडला नाही.

शेडमधल्यांना घेऊन रातोरात तो त्याच प्रेसला चढवला. तिथे आता मोशीची एक पोरगी बसत होती. बायकोला घरी येऊन सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "परत न्यायला येत्याल."

आले. शेडच्या दारात आम्ही सगळे पाने घेऊन उभे होतो. आमच्यातल्या दोघांना टाके पडले, माझे पुढचे दात गेले. त्यानंतर कोणी आलं नाही.