सुमनताईंचा ‘की’

सात रस्ता चौकाजवळच्या दुकानात चष्म्याची काच बदलून घेत होतो, तेव्हा सुमनताईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. “ताई गेली... सकाळी चहा घेऊन पेपर वाचत बसली होती, तशीच.” दुकानदाराला म्हणालो, “राहू द्या, उद्या येतो,” आणि जुनाच चष्मा घालून त्यांच्या घरी गेलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुमनताई सोलापुरातल्या एका छोट्या सेवाभावी संस्थेत होत्या. गावांसाठी कार्यक्रम आखायचे आणि वर्षभरानं त्यातून खरंच काय साधलं ते तपासायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं तक्ते भरले. नव्या कार्यक्रमाची चर्चा निघाली की त्या आधी विचारायच्या, “साधलं हे कशावरून कळणार?” उत्तर मिळेपर्यंत पुढचं पान उलटू द्यायच्या नाहीत. गावात जाताना त्यांच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची. कुणी जेवायचा आग्रह केला तर त्या पिशवी दाखवायच्या आणि परतताना एसटीत मला म्हणायच्या, “दिगंबर, ज्या घरी जेवलास त्या घरचं उत्तर कच्चं धर. जेवू घालणारं माणूस पाहुण्याला नाराज करत नाही.” चहाला मात्र त्यांची ना नसे. चहानं आकडे फारसे बिघडत नाहीत, असं त्यांचं मत होतं. ते कशावरून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

सांगोल्याकडच्या एका गावातला परसबागेचा कार्यक्रम पूर्णपणे त्यांच्या डोक्यातून निघालेला. साठ घरांना बियाणं दिलं होतं. दारातल्या वाफ्यात भाजी पिकेल, पोरांच्या ताटात रोज काहीतरी हिरवं पडेल, आणि भांड्यांचं पाणी वाफ्याला पुरेल, असा हिशेब. वर्षानं मी घरोघर फिरून विचारलं, “परसबागेचा फायदा झाला का?” चोपन्न घरांनी होकार दिला. मी हरखून गेलो. या आकड्यावर कार्यक्रम आणखी तीन तालुक्यांत जायचा होता आणि माझ्यासह तिघांची नोकरी पुढं चालायची होती.

ताईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि मूळ फॉर्म मागितले. उत्तर जसंच्या तसं उतरवायची मला खोड आहे. त्या पेन्सिलीनं खुणा करत वाचू लागल्या.

“नुसतं ‘झाला’ किती जणी म्हणाल्या?”

“तेरा.”

“आणि ‘झाला की’?”

“एकेचाळीस. एकच की ते, ताई.”

“तू बार्शीचा ना? तुमच्याकडं पाहुण्यानं विचारलं, बरं चाललंय का, तर काय सांगतात?”

“चाललंय की.”

“आणि खरंच बरं चाललेलं असतं?”

मी फॉर्मवरचे ‘की’ पुन्हा मोजू लागलो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं पुन्हा त्या गावात गेलो. पहिल्याच घरात ताईंनी फायद्याचं नावही काढलं नाही. सुनेला विचारलं, “काल कालवण कशाचं केलं होतं?” ती म्हणाली, “डाळीचं.” “आणि परवा?” “परवा बी डाळच.” चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंना राहवेना. “अवो बाई, सरळ इचारा की. वाफा शेळीनं खाल्ला. तिला लई फायदा झाला!” सून तोंडाला पदर लावून हसली. ताईही हसल्या, आणि मग त्यांनी भांड्यांच्या पाण्याचं विचारलं. “टँकर चार दिसांनी येतो. भांडी राखंनं घासायची, वाईच पान्यात इसळायची. त्ये पानी बी शेळीच पिती.” “मग यांना फायदा झाला म्हणून का सांगितलं?” सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. “एवढ्या उनाचं चालत आलं हुतं हे पावणं. तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?”

तीन दिवसांत साठही घरं झाली. वाफे जिवंत होते अकरा.

एसटीची वाट बघताना मी म्हणालो, “ताई, चोपन्नच लिहू या. खोटं नाही ते. बायका तसंच म्हणाल्या.” त्या म्हणाल्या, “म्हणाल्या ते लिही. आणि शेजारच्या रकान्यात शेळी लिही.” अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक वाक्य घातलं... ‘भांड्यांचे पाणी उरेल असे मी गृहीत धरले, गावात कोणालाही विचारले नव्हते.’ खाली सही. कार्यक्रम बंद झाला. मला एका शाळेत कारकुनी मिळाली, पण मध्ये सात महिने घरी बसावं लागलं. त्या सात महिन्यांत मी त्यांचा फोन उचलला नाही. एका वाक्यानं तिघांना घरी बसवलं, असं मी बायकोजवळ बोललोही होतो. शेवटी एका रविवारी फोन घेतला. “बरा आहेस का?” त्यांनी विचारलं. “आहे की,” मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “बरं. काल कालवण कशाचं होतं?” मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग जे काही सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. ऐकून घेतलं.

ताई मात्र त्या अकरा घरी जात राहिल्या, स्वतःच्या सवडीनं. त्यांच्या लक्षात आलं की अकराही घरांत आंघोळीचा दगड वाफ्याला लागून होता आणि भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण होतं. आंघोळीचं पाणी थेट वाफ्यात, शेळी कुंपणाबाहेर. बस, एवढंच. नंतर दुसऱ्या एका संस्थेनं परसबागा आखल्या, तेव्हा ताईंनी त्यांना आधी दगडाची जागा बघायला लावली. चोपन्न लिहिले असते तर तो दगड कुणाला दिसला नसता. हे मला पटायला फार वर्षं लागली, आणि पटल्याचं त्यांना सांगायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात त्या गावी निरोप द्यायला गेलो. अकरांतल्या एका घरी, कौसल्याबाईंकडं, बातमी सांगितली. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. मग म्हणाल्या, “आता कोन येनार बगायला?” तोंडात आलेलं ‘येईन की’ मी गिळलं. घड्याळात तारीख बघितली आणि म्हणालो, “पुढच्या गुरुवारी. नऊच्या एसटीनं.”

गुरुवारी गेलो, तीन घरं बघून झाली. दोन वाफ्यांत भेंडी होती, तिसऱ्यात काही नव्हतं. कुणी अहवाल मागितलेला नाही. तरी वहीत तसं लिहिलं.