सोड्याच्या दोन गोणी

प्रकाश टाकीच्या तळाशी पालथा पडला होता आणि त्याचा धाकटा भाऊ नितीन शिडीकडे झेपावत होता.

"मॅडम, सोडा मला! वास कुठे येतोय? गॅस नाहीये आत!"

मी सोडलं नाही. दोन ऑपरेटरांनी त्याला कमरेला धरलं. ब्लोअरची नळी आत टाकली, फायर ब्रिगेडला फोन केला. ते हवेचे सिलिंडर पाठीला लावून उतरले. वर काढलं तेव्हा प्रकाश गेलेला होता.

मी डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी बघते. वापरून झालेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड जमिनीखालच्या टाकीत जमतं. त्याची आम्लता मारायला वरून सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, ओततात. कार्बन डायऑक्साइड सुटून फेस उसळतो. फेस बसला की काम झालं, अशी आमच्याकडची रीत. प्रकाशने दोन गोणी ओतल्या, फेस बसू दिला आणि अडकलेला पंप सोडवायला परमिट न घेता उतरला. इथे सगळ्यांचा भरवसा नाकावर. कुठल्या कंपनीने आज काय सोडलं, ते लोक घरात बसून सांगतात. कार्बन डायऑक्साइडला मात्र वास नसतो.

मालक म्हणाले, "हार्ट ॲटॅक लिहा. सोडावॉटरच्या गॅसने कोण मरतं?"

मी रिपोर्टमध्ये गणित लिहिलं.

तेराव्यानंतर नितीन वर्तकनगरला माझ्या घरी आला. चहाला हात लावला नाही.

"मी उतरलो असतो तर दादा वाचला असता का?"

मी कागद घेतला. समीकरण संतुलित केलं की दिसतं, सोडा ॲशच्या एका मोलमधून कार्बन डायऑक्साइडचा एक मोल निघतो. मोल म्हणजे कणांची ठरावीक मोजणी, डझनासारखी. सोडा ॲशचा मोल १०६ ग्रॅमचा, गॅसचा ४४ ग्रॅमचा. म्हणजे १०६ किलोला ४४ किलो. दोन गोणी शंभर किलो, त्यातून साडेएकेचाळीस किलो गॅस.

"पण सगळा सोडा विरघळला कशावरून?"

"लिटमस शेवटीही लालच होता. ॲसिड उरलं, म्हणजे सोडा संपला."

एवढ्या गॅसला तेवीस घनमीटर जागा लागते. टाकीत रिकामी जागा होती बारा. हवेपेक्षा जड, म्हणून तो तळाशीच बसलेला, श्वासाला हवा उरलेली नव्हती.

नितीनने बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मीपण..."

"हो. दोघंही."

"हे आईला सांगाल? ती म्हणते, भाऊ मरत होता आणि तू बघत उभा राहिलास."

मी कोपरला त्यांच्या घरी गेले. तोच कागद, तेच आकडे, जमेल तितकं सोपं करून सांगितलं. आई शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने नितीनला जवळ बसवलं आणि मला विचारलं, "बाई, एवढा सोपा हिशेब होता, तर गोणी ओतायच्या आधी का नाही केलात?"

आता आमच्याकडे गोणी फोडण्याआधी तो हिशेब फळ्यावर मांडावा लागतो. चार ओळींचं काम आहे.