काकूंच्या मोबाइलवरचा ठिपका

बदनापुरातल्या आमच्या शेजारच्या काकू दिवसभर कुणावर तरी ओरडत असतात. सध्या त्यांची लेक दूरच्या बेटांभोवती शिडाच्या बोटींच्या शर्यतीत आहे. मोबाइलच्या नकाशावर तिची बोट म्हणजे एक ठिपका. तो नागमोडी चालला की काकू मोबाइललाच झापतात, "सरळ जाय की गं! कुठं भटकून राह्यली?"

काल ठिपका सकाळपासून जागचा हललाच नाही. काकू गप्प. मी मुद्दाम चपला घालून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो, तरी एक शब्द नाही.

दुपारी तिकडे वारा सुटला असावा. ठिपका सरकला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"अरे मुडद्या, चपला घालून माझ्या घरात फिरून राह्यला?"

समोरच्या दुकानातून टेलर चाचांनी हाक दिली, "चली क्या बोट?"