स्टेजपर्यंतचे साडेतीन फूट

टेपचं एक टोक रघू मेस्ताने स्टेजच्या कडेला धरलं होतं, दुसरं मी खाली जमिनीवर. साडेतीन फूट. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

"सायबानु, कितीय येळा मोजलात तरी कमी होवचां नाय," चाकांच्या खुर्चीत बसलेली शैला म्हणाली.

खरं होतं. ती उंची माझ्याच ड्रॉइंगमधली होती. गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूला आमच्या खात्याने बांधलेलं ते नवं सभागृह. मी तिथला असिस्टंट इंजिनियर. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली होती आणि उद्घाटनाला अकरा दिवस.

सरकारी इमारत पूर्ण झाली की एक चेकलिस्ट भरावी लागते. मुख्य दाराला रँप आहे का, टॉयलेटचं दार रुंद आहे का, पुढच्या रांगेत चाकांच्या खुर्चीसाठी जागा सोडली आहे का, अशी. मी सगळीकडे टिक केली होती आणि काही खोटं लिहिलं नव्हतं. अपंग माणूस नाटक बघायला येईल, एवढं त्या यादीने धरलं होतं. तो नाटक करायला येईल हे यादीला सुचलं नव्हतं. मलाही नाही. स्टेजवर जायला दोन्ही विंगांतून सहा-सहा पायऱ्या, बस्स.

शैला पार्सेची. नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करायची. ऑर्गन म्हणजे पायपेटी, तिचा भाता पायांनी चालवावा लागतो. नऊ वर्षांपूर्वी हरमलच्या रस्त्यावर स्कूटरला अपघात झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ती हातपेटी वाजवते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी टाकायची, वर पेटी, डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर. तिच्यासोबत दामोदर नावाचा गायक, जन्मापासून आंधळा, आणि एक तबलजी, त्याला एक पाय नाही. उद्घाटनाचा पहिला कार्यक्रम त्यांचा होता. पत्रिकेवर 'दिव्यांग कलाकारांचे नाट्यसंगीत' असं छापून आलं होतं. कलाकारांची नावं मात्र नव्हती.

ती आधी जागा बघूनच होकार द्यायची, म्हणून भावाला, बाबलोला, घेऊन आली होती.

"आतापर्यंत स्टेजवर कशा जायचात?" मी विचारलं.

"चौघे जण उचलतत. खुर्चेसकट. लोक टाळयो वाजवतत." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मी अजून एक सूर लावूक नाय, नि टाळयो. पेटी वाजवून उतरतंय तेवा तेवढ्यो पडनत नाय. सायबानु, ह्या खेपेक माका कोणी उचलूचा नाय. वर जायन तर चाकांर."

मी हो म्हटलं. हिशोब करण्याआधीच म्हटलं.

रँपचा नियम साधा आहे. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. साडेतीन फुटांना बेचाळीस फूट. विंगेच्या पायऱ्यांपासून भिंतीपर्यंत माझ्याकडे अठरा फूट होते. मागच्या बाजूने, जिथून नाटकाचं सामान आत येतं त्या दाराला बाहेरून पूर्ण लांबीचा रँप बसत होता. पण तिथे जनरेटरचा चौथरा ओतून झाला होता. तोही माझ्याच सहीने.

मी साहेबांकडे, म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनियरकडे गेलो.

"जनरेटर हलवायचा? अकरा दिवसांत?" साहेब म्हणाले. "रिव्हाइज्ड ड्रॉइंग लागेल, इलेक्ट्रिकलवाल्यांची मंजुरी लागेल. उद्घाटन होऊ दे, मग बघू."

"सर, पहिलाच कार्यक्रम त्यांचा आहे."

"मग उचलून घ्या ना. चार माणसं मी देतो."

"ती नको म्हणते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिला म्हणावं, आम्ही तिच्यासाठीच करतोय हे सगळं."

शेवटी लाकडी रँप करायचं ठरलं. अठरा फुटांचा, म्हणजे जवळजवळ एकास पाच. नियमाच्या दुपटीहून जास्त चढ. मी शैलाला फोन करून जसं आहे तसं सांगितलं. हा चढ बरोबर नाही, एकट्याने चढता येणार नाही, मागून ढकलायला माणूस लागेल.

"बाबलो आसा," ती म्हणाली. "चौघांच्या हातांपेक्षा तां बरां."

रघू मेस्त जुना सुतार. त्याने दोन दिवसांत रँप उभा केला. ढकलणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून फळ्यांवर हात-हात अंतराने आडव्या पट्ट्या ठोकल्या. मग मला विचारलं, "सायब, दोनूय बगलांक उबी पट्टी मारूं? चाक भायर जावचें ना."

रँपच्या कडेला चार बोटं उंचीची कड लागते, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. पण कड लावली की विंगेचा पडदा तिच्यात अडकत होता, आणि पडदेवाला सकाळपासून माझ्या मागे लागला होता.

"राहू दे," मी म्हटलं. "एका दिवसापुरता तर आहे."

 मेस्ताने हातातली पट्टी परत ढिगावर ठेवली.

रंगीत तालीम झाली. बाबलोने दोनदा खुर्ची वर नेली, दोनदा खाली आणली. वर पोचल्यावर शैलाने खुर्ची स्वतः गोल फिरवली आणि रिकाम्या सभागृहाकडे बघत राहिली. मग पेटी लावली. दामोदर गायला. मागच्या रांगेत वायरिंग करणारे दोघे काम सोडून ऐकत उभे राहिले. मी तिथे होतो. आपण काहीतरी चांगलं केलं असं मला त्या दिवशी वाटलं, हे लिहायला हवं.

उद्घाटनाच्या सकाळी डेकोरेटरने सगळीकडे लाल कार्पेट अंथरलं. मुख्य दारापासून स्टेजपर्यंत, पायऱ्यांवर आणि रँपवरही. पट्ट्या झाकल्या गेल्या. मी ते पाहिलं. ठोकलंय की नुसतं टाकलंय ते बघावं म्हणून खाली वाकलोही. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या म्हणून मला हाक आली आणि मी गेलो.

पडदा बंद होता. दामोदर आणि तबलजी आत बसले होते. बाबलो खुर्ची ढकलत निम्म्याच्या वर पोचला असेल. त्याचा पाय कार्पेटवर ठरला नाही. कार्पेट सरकलं, खुर्ची मागे आली, तिरकी झाली आणि डावं चाक फळीच्या काठावरून उतरलं. शैलाने पडताना समोरच्या फळीवरची पेटी धरली नाही, रँपचा काठ धरला. खुर्ची तिच्या उजव्या मनगटावर पडली.

मी धावत पोचलो तेव्हा ती ओरडत नव्हती. हात पोटाशी धरून म्हणाली, "बाबल्या, तुका लागूक नाय मां?"

आत पडद्यामागून दामोदर विचारत होता, "पेटी खंय? शैला, ये मगो!" त्याला कोणी काही सांगेना. शेवटी मी आत जाऊन सांगितलं. त्याने माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "हात की बोटां?" 

वीस मिनिटांनी त्याच स्टेजवर शाळेच्या मुलींचा नाच सुरू झाला. आमच्या चार माणसांनी शैलाला उचलून गाडीत ठेवलं.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. रिपोर्ट टाइप करून तयार होता. 'सदर कलाकारास उचलून नेण्याची सोय उपलब्ध असताना तिने ती नाकारली, व मदतनिसाच्या घाईमुळे खुर्ची घसरली.' खाली माझ्या नावाची जागा.

"यात खोटं काय आहे?" साहेब म्हणाले.

पहिला अर्धा खरा होता, आणि बाबलोने घाई केली नाही असं मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी सही केली.

दीड महिन्याने मी पार्सेला गेलो. काजूच्या बागेला लागून तिचं घर. प्लास्टर निघालं होतं. अंगठा आणि पहिलं बोट हलत होतं, बाकीची तीन अर्धवट वाकत होती. पेटी कोपऱ्यात कापडाखाली होती. आईने चहा आणि उंडे पाव आणून ठेवले. मी काय बोलावं ते ठरवून गेलो होतो.

"रिपोर्टात काय लिवलात?" शैलानेच विचारलं.

मी सांगितलं, शब्दन् शब्द. बाबलो दारात उभा होता. आपल्या घाईचं ऐकल्यावर तो मागीलदारी निघून गेला.

"माजां सोडा," ती म्हणाली. "तो त्या दिसापासून माज्या खुर्चेक हात लावणा नाय. आपल्यामुळेच झालां म्हणता. तुमचो कागद तां खरां करता."

दुसऱ्या दिवशी मी खात्याला पत्र दिलं. चढ नियमबाह्य होता, कड नव्हती, कार्पेट मी पाहिलं होतं, मदतनिसाची चूक नाही. त्याची एक प्रत बाबलोला दिली. मी रिटायर होईपर्यंत साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला मेमो आला. पत्र फाइलला लागलं, आणि रिपोर्ट बदलला नाही. बाबलो पुन्हा खुर्ची ढकलू लागला असं ऐकलं. पत्रामुळे की आईच्या सांगण्यामुळे, ते मला माहीत नाही.

जनरेटर दोन वर्षांनी हलला. मागच्या दाराला बेचाळीस फुटांचा रँप झाला, कठड्यासकट, कडेसकट. कारापूरची चाकांच्या खुर्चीतली एक मुलगी परवाच तिथून एकटी वर गेली आणि एकपात्री करून आली. तिला वर जाताना कुणी पाहिलं नाही, त्यामुळे टाळ्या शेवटीच पडल्या. शैलाला आम्ही दोनदा बोलावलं. ती आली नाही. ती आता मुलांना गाणं शिकवते. पेटी दुसरी कोणीतरी धरते.

आता कधी कधी नवे इंजिनियर मला साइटवर बोलावतात. रँप दाखवतात, चेकलिस्ट दाखवतात. मी त्यांना एवढंच सांगतो: सही करण्याआधी एक चाकांची खुर्ची मागवा, तीत बसा आणि स्वतःच्या हातांनी वर जा. सगळ्या नोकरीत मी ते एकदाच केलं. मागच्या दाराचा रँप तयार झाला त्या दिवशी.