आक्कांनी उचललेली पिकअप

आक्का गेल्या. काल दुपारी.

रडून झालंय. आता गाडीची गोष्ट सांगते, कारण ती सोडून आक्कांबद्दल काही सांगताच येत नाही.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. नवरा वारल्यावर त्या माहेरी, म्हणजे निफाडजवळच्या आमच्या मळ्यात परत आल्या. सेकंडहँड पिकअप घेऊन. स्वतः चालवत.

लोक म्हणाले, बाई गाडी चालवते.

आक्का म्हणाल्या, "मग काय गाडीनं बाई चालवायची?"

आमचा टोमॅटो, शेजाऱ्यांचा टोमॅटो, सगळा आक्काच बाजारात न्यायच्या. अडचण एकच होती, मळा आणि रस्ता यांच्यामधला नाला. ऑक्टोबरपर्यंत पाणी आणि तळाला हे एवढाले दगड.

गाडीचं पोट दगडाला लागायचं म्हणून आक्कांनी मोठे टायर टाकले. पोट वाचलं, पण माल भरला की टायर मडगार्डला घासायला लागले. घर्रर्र! २००३ च्या नवरात्रात एक टायर फाटला आणि भरली गाडी नाल्यातच बसली. ट्रॅक्टरने ओढून घरी आणावी लागली.

माझे मिस्टर वैतागले. "आक्का, बास झालं. दसऱ्याला मालेगावची पार्टी येतेय गाडी बघायला."

"नाल्यातून काढून दाखवली तर?"

"भरलेली?"

"भरलेली. न घासता."

"मग नाय इकणार."

गाडी गेली असती तर आक्कांना चूल आणि ओसरी एवढंच उरलं असतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आक्कांनी नाशिकच्या रद्दीवाल्याकडून गाड्यांचं एक इंग्रजी मासिक आणलं होतं. मी वाचून दाखवलं. बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बोल्टने बसवलेली असते. बोल्ट सोडायचे, बॉडी जॅकने उचलायची, मध्ये ठोकळे ठेवायचे आणि लांब बोल्ट आवळायचे. बॉडी वर गेली की टायरला जागा होते.

"एवढंच?"

"एवढंच लिहिलंय."

एवढंच नसतं हो! वायरी आखूड पडतात, स्टिअरिंगचा रॉड पुरत नाही. पण आम्ही पेटलो होतो. सातपूरला माझा भाऊ कारखान्यात कामाला, त्याने लेथवर नायलॉनचे ठोकळे करून दिले, रॉडचंही बघितलं.

आणि नवमीला सकाळी मी, घरची बी. कॉम. सून, यांचा जुना शर्ट घालून गाडीखाली आडवी!

काय मजा आली सांगू. गंजका बोल्ट कडाक करून सुटला की आम्ही दोघी ओरडायचो. मागचा हौदा झाला. केबिनची डावी बाजू झाली. उजवी बाजू जॅकवर उचलून ठोकळे ठेवले, बोल्ट बोटांनी अडकवले आणि जेवायला आत गेलो.

परत आलो तर बोल्ट आवळायचे पाने गायब.

देवघरासमोर पाट. त्यावर विळा, कोयता, खुरपं, द्राक्षाच्या कात्र्या, आणि मधोमध आमचे पाने. साबणाने धुतलेले, हळदकुंकू, झेंडू. समोर सासूबाई हात जोडून.

"आई, पाने!"

"खंडेनवमी हाय आज. हत्यार पुजायचं, चालवायचं नाय. तुम्ही दोघी इसरल्या, मी नाय इसरले."

राहिला होता जॅक. तो गाडीखाली. आई अंगणात आल्या, वाकून त्यालाही कुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं. "उद्या आरती होईस्तोवर याला कुणी हात लावायचा नाय."

झालं! एक बाजू आवळलेली, एक मोकळी, अशी गाडी अंगणात उभी. आजूबाजूच्या मळ्यांतले लोक बघून जायचे. "आक्का, गाडी लंगडते का काय?"

मला रडू येत होतं. आक्का हसत होत्या.

दसऱ्याला आईंनी लवकर आरती उरकली. मोठा पाना उचलून आक्कांच्या हातात दिला. "घे. आज हत्यार उचलायचा दिस."

आम्ही बोल्ट असे आवळले म्हणता! शेवटचा आवळला आणि पार्टी दारात.

यांनीही हात राखला नाही. मावतील तेवढे क्रेट भरले. आक्का स्टिअरिंगवर, मी शेजारी. तेवढ्यात आई आल्या. "मी बी येते. दसऱ्याला शीव ओलांडायची असती."

पण केबिन इतकी वर गेलेली की आईंना चढता येईना. आक्का उतरल्या आणि घरातून तोच पाट घेऊन आल्या.

"ठेव पाय."

"अगं, पूजेचा पाट!"

"गाडी बी पुजलेलीच हाय की."

आईंनी पाटाला नमस्कार केला आणि चढल्या.

गाडी नाल्यात उतरली. हे गुडघाभर पाण्यात, मडगार्डला कान लावून सोबत चालत होते. मधला मोठा दगड आला. गाडी एका अंगाला कलली. मी डोळे मिटले.

"नाय घासली!" हे पाण्यात नाचायला लागले. "आक्का, नाय घासली!"

पार्टी काठावरून म्हणाली, "बाई, आमच्या गाडीला पण असं करून द्याल का?"

आईंनी खिडकीतून सांगितलं, "गाडी इकायची नाय. चहाला या."

तो पाट कायमचा केबिनमध्येच राहिला. आई त्यावर पाय ठेवून चढायच्या, नंतर गुडघे दुखायला लागल्यावर आक्काही. मला गाडी आक्कांनीच शिकवली. त्याच नाल्यात.

काल सगळे म्हणाले, शववाहिनी बोलवू. मी म्हटलं, गाडी आहे ना.

चौघांनी आक्कांना हौद्यात वर घेतलं. पाट लागला नाही.

आता नाल्यावर पूल आहे. मी पुलावरून घेतली नाही. हळूहळू पाण्यात उतरवली. मधला दगड आला, गाडी कलली, सरळ झाली.

हे मागे आक्कांजवळ बसले होते. मला त्यांचा आवाज आला.

"नाय घासली, आक्का."

या आता आक्का. मनापासून नमस्कार. गाडी विकणार नाही.